पेडॉट-पीएसएस आणि नॅनोट्यूबच्या फिल्म: पंधरा रनमध्ये नेमकी रेसिपी कशी शोधायची

माझ्या पहिल्या चाळीसेक फिल्म वाया गेल्या. फिल्म वाईट नव्हत्या. काच स्वच्छ, थर एकसारखा, निळसर झाक हवी तशी. घोळ क्रमात होता. कमी नॅनोट्यूबच्या सगळ्या फिल्म मी मे महिन्यात केल्या आणि जास्त नॅनोट्यूबच्या जूनच्या अखेरीस, पाऊस लागल्यावर. ग्राफ देखणा आला: नॅनोट्यूब वाढवा, रेझिस्टन्स वाढतो. मी पोस्टर करायलाही घेतलं होतं. सरांनी वही चाळली, तारखांवर बोट ठेवलं आणि एवढंच विचारलं, "हे नॅनोट्यूबमुळे की पावसामुळे?" उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि त्या डेटातून ते कधीच निघणार नव्हतं.

एमएस्सीचा प्रोजेक्ट किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष सुरू असेल, विषय 'वाहक पॉलिमरच्या नॅनोकॉम्पोझिट फिल्म' असेल आणि गाईडनी "जरा ऑप्टिमाइज करून बघ" असं सांगितलं असेल, तर पुढचं तुमच्यासाठी. उदाहरण एकच घेतो: काचेवर स्पिन कोटिंगने (काच वेगाने फिरवून थर पसरवण्याच्या पद्धतीने) केलेली पेडॉट-पीएसएस (वीज वाहणारं पॉलिमर) आणि मल्टिवॉल कार्बन नॅनोट्यूबची फिल्म. बेत असा: वेगवेगळ्या रेसिपींचे पंधरा रन करायचे (एक रन म्हणजे एका रेसिपीने केलेली एक फिल्म), त्यांच्या आकड्यांवर एक वक्र, म्हणजेच मॉडेल, बसवायचा आणि त्यावरून सगळ्यात चांगली रेसिपी शोधायची. तुमचं पॉलिआनिलिन किंवा ग्राफीन असेल तर आकडे बदलतील, पायऱ्या बहुतेक याच राहतील.

१. आधी जमवाजमव

साहित्य:
- पेडॉट-पीएसएसचं पाण्यातलं डिस्पर्शन (पीएच १००० हा ग्रेड वाहकतेसाठी नेहमी वापरला जातो)
- कार्बॉक्सिल गट लावलेल्या मल्टिवॉल नॅनोट्यूब. साध्या नॅनोट्यूब पाण्यात नीट पसरत नाहीत
- डीएमएसओ (फिल्मची वाहकता वाढवणारं द्रावक), डीआय वॉटर (आयन काढलेलं पाणी), ॲसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल)
- २० मिमी चौरस कापलेल्या काचा, लागतील त्याच्या दुप्पट
- ०.४५ मायक्रॉनचे पीव्हीडीएफ सिरिंज फिल्टर

उपकरणं: सोनिकेटर, स्पिन कोटर, हॉट प्लेट, फोर पॉइंट प्रोब (रेझिस्टन्स मोजायला), यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटर (फिल्ममधून किती उजेड जातो ते मोजायला), डेसिकेटर आणि एक साधा आर्द्रतामापक. हा शेवटचा विसरू नका. सगळ्यात स्वस्त तोच आहे आणि मला तोच सगळ्यात महागात पडला.

जाडी मोजायला प्रोफाइलोमीटर किंवा एएफएम लागेल. आपल्या विभागात नसेल तर आय-स्टेम पोर्टलवर कुठल्या संस्थेत काय आहे ते दिसतं. आयआयटी मुंबईतलं सैफ (उपकरणांची सामाईक सुविधा) किंवा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातलं सैफ-सीएफसी इथे बाहेरच्यांचे सॅम्पल घेतात. तारीख मिळायला वेळ लागतो, म्हणून फिल्म करायच्या आधीच नंबर लावा.

सॉफ्टवेअरसाठी खर्च नको. 'आर' मोफत आहे आणि त्यातलं 'आरएसएम' हे पॅकेज या कामाला पुरतं. विभागात मिनिटॅब किंवा डिझाइन-एक्सपर्ट असेल तर तेही चालेल.

दोन सूचना. पेडॉट-पीएसएस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये कधीच नाही. एकदा गोठलं की गुठळ्या होतात आणि बाटली गेली. डीएमएसओचं उलट: ते १८.५ अंशांलाच गोठतं, त्यामुळे डिसेंबरच्या सकाळी बाटलीत बर्फासारखा खडा दिसला तर घाबरू नका, कोमट पाण्यात ठेवा. मात्र ते कातडीतून आत जातं आणि विरघळलेलं बाकी सगळंही सोबत नेतं, म्हणून ग्लोव्ह्ज घालाच. नॅनोट्यूबची कोरडी पावडर फ्यूम हूडमध्येच उघडा, मास्क लावून, पंखा बंद करून.

२. 'चांगली फिल्म' म्हणजे काय, ते आधी लिहा

पारदर्शक इलेक्ट्रोड हवा असेल तर दोन मागण्या असतात: शीट रेझिस्टन्स (थराच्या एका चौरस तुकड्याचा रेझिस्टन्स) कमी हवा आणि ५५० नॅनोमीटरला पारगमन (आरपार जाणारा उजेड) जास्त हवं. दोन्ही एकमेकींच्या वैरिणी. थर जाड केला की रेझिस्टन्स उतरतो, पण उजेडही अडतो. बाजारातली आयटीओ (इंडियम टिन ऑक्साइडचा थर दिलेली) काच १० ते १५ ओहम प्रति चौरसाच्या आसपास असते, तिच्याशी लगेच बरोबरी करायला जाऊ नका.

दोन्ही मिळून एकच आकडा हवा असेल तर १९७६ साली हाकेने सुचवलेला निर्देशांक आहे: पारगमनाचा दहावा घात भागिले शीट रेझिस्टन्स. दहावा घात किती निर्दयी असतो ते बघा. ०.९ चा दहावा घात सुमारे ०.३५, ०.८ चा सुमारे ०.११. म्हणजे पारगमन ९० वरून ८० टक्क्यांवर आलं, तर निर्देशांक तेवढाच राखायला रेझिस्टन्स सव्वातीन पटीने उतरवावा लागेल. सोलर सेलला हा सौदा पटणार नाही. स्थिर वीज घालवणाऱ्या कोटिंगला पारगमनाची एवढी पर्वाच नसते. तुमचा उपयोग कुठला ते वहीत पहिल्या पानावर लिहा. निकाल हाती आल्यावर निकष ठरवला तर हवं ते 'इष्टतम' निघतं.

३. घटक तीन पुरेत. खरी मेख पातळ्यांत आहे

नवखा माणूस आठ घटकांची यादी करतो. त्यातले बहुतेक पक्के धरून ठेवा (हॉट प्लेटचं तापमान, सोनिकेशनचा वेळ, काचेची धुलाई) आणि तीनच हलवा. मी घेतलेल्या पातळ्या:

- नॅनोट्यूब: १, २, ३ टक्के (पेडॉट-पीएसएसमधल्या घन भागाच्या वजनावर)
- डीएमएसओ: ३, ५, ७ टक्के (आकारमानाने)
- स्पिनचा वेग: १०००, २०००, ३००० आरपीएम

डीएमएसओ शून्यापासून का नाही, हा प्रश्न तुम्हाला पडायलाच हवा. डीएमएसओ नसताना या फिल्मची वाहकता १ सीमेन्स प्रति सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. पाचेक टक्के घातलं की ती काही शेंवर जाते. ही उडी पायरीसारखी आहे, आणि आपण बसवणार आहोत तो वक्र द्विघाती, म्हणजे कमानीसारखा. पायरीवर कमान बसत नाही. शून्य घेतलंत तर ती एक उडी बाकी दोन्ही घटकांना गिळून टाकते आणि सॉफ्टवेअर सांगतं, 'फक्त डीएमएसओ महत्त्वाचं'. ते तर आधीच माहीत होतं!

पॉलिमर वाहक नसेल, समजा पीव्हीए किंवा पीएमएमए, तर हाच सापळा नॅनोट्यूबच्या बाजूने येतो. ठरावीक प्रमाणाला नळ्या एकमेकींना टेकून आरपार जाळं तयार होतं आणि रेझिस्टन्स एकदम कोसळतो. त्याला पर्कोलेशनचा उंबरठा म्हणतात. पातळ्या उंबरठ्याच्या एकाच बाजूला ठेवा. पेडॉट-पीएसएस स्वतःच वाहक असल्यामुळे इथे तो उंबरठा एवढा टोकदार दिसत नाही.

पातळ्या ठरवायला पाच-सहा चाचणी फिल्म करा. दोन्ही टोकांना फिल्म धड निघते का, एवढंच त्यात बघायचं.

४. मिश्रण करताना घटक गुंतू देऊ नका

हा भाग सावकाश वाचा, कारण इथली चूक नंतर दिसतही नाही.

एका रनला २ मिलि पेडॉट-पीएसएस पुरतं. त्यात घन भाग साधारण १ टक्का, म्हणजे २० मिलिग्रॅम (बाटलीवरचा आकडा बघून आपला हिशेब करा). त्याच्या २ टक्के म्हणजे ०.४ मिलिग्रॅम नॅनोट्यूब. आपल्या लॅबमधला वजनकाटा ०.१ मिलिग्रॅमपर्यंतच दाखवतो, तेव्हा ०.४ थेट तोलणं म्हणजे निव्वळ अंदाज. म्हणून पाण्यात १ मिलिग्रॅम प्रति मिलि असा स्टॉक करा आणि पिपेटने घ्या: १ टक्क्याला ०.२ मिलि, २ टक्क्यांना ०.४, ३ टक्क्यांना ०.६.

पण स्टॉकबरोबर पाणीही आत गेलं. ३ टक्क्यांचं मिश्रण १ टक्क्याच्या मिश्रणापेक्षा पातळ झालं, म्हणून त्याचा थर पातळ, म्हणून रेझिस्टन्स जास्त. दोष मात्र नॅनोट्यूबवर. उपाय सोपा आहे: १ टक्क्याच्या मिश्रणात ०.४ मिलि जादा पाणी, २ टक्क्यांच्यात ०.२, ३ टक्क्यांच्यात शून्य. सगळी मिश्रणं २.६ मिलि. डीएमएसओ त्यावर टक्क्याने. ५ टक्क्यांना १३० मायक्रोलिटर.

फिल्टर नॅनोट्यूब घालण्याआधीच. आमच्या लॅबमध्ये एका ज्युनिअरने मिश्रण तयार झाल्यावर फिल्टर केलं. फिल्म एकदम नितळ आल्या म्हणून तो खूश, आणि फिल्टरची चकती काळीकुट्ट. नळ्या काही मायक्रॉन लांब, भोक ०.४५ मायक्रॉनचं, सगळ्या नळ्या चकतीवरच राहिल्या होत्या.

सोनिकेशन बर्फाच्या पाण्यात करा आणि वेळ सगळ्या रनना सारखाच ठेवा. कमी केलंत तर गुठळ्या, फार केलंत तर नळ्या तुटून आखूड होतात. स्टॉक रात्रभर ठेवून तळाशी काळा गाळ बसतो का ते बघा. बसला तर त्या स्टॉकचं प्रमाण विश्वासाचं नाही.

५. पंधरा रनचा तक्ता

तीन घटक, तीन पातळ्या, सगळी जुळणी करायची तर २७ रन. बॉक्स-बेनकेन पद्धत (१९६०) ते काम १५ मध्ये करते: तीन घटक म्हणजे एका घनाच्या (क्यूबच्या) तीन बाजू असं धरलं, तर १२ रन त्याच्या कडांच्या मधोमध आणि ३ केंद्रबिंदूवर, म्हणजे तिन्ही घटक मधल्या पातळीवर. प्रत्येक पातळीला −१, ० आणि +१ असा कोड द्या. वेग ३००० म्हणजे +१, डीएमएसओ ५ टक्के म्हणजे ०. वेग हजारांत आणि डीएमएसओ एकेरी आकड्यांत असलं तरी कोडमुळे दोन्ही एकाच मापात येतात आणि गुणकांची तुलना करता येते.

केंद्रबिंदू तीनदा करणं हा वेळेचा अपव्यय वाटतो. तसं नाही. तीच रेसिपी तीनदा करून तुमचा हात किती हलतो, हे फक्त तिथेच कळतं.

आता मोह सांगतो. या १५ रनमध्ये नॅनोट्यूब आणि डीएमएसओच्या वेगवेगळ्या जुळण्या ९ च आहेत. म्हणजे ९ बाटल्या करून वेगवेगळ्या वेगाला ओतता येतील, सहा वेळा वाचतील. असं केलंत तर एका बाटलीतल्या फिल्म बहिणी-बहिणी होतात. बाटलीत झालेली चूक सगळ्यांत उतरते. साधा ॲनोव्हा (फरक खरा की योगायोगाचा हे तपासणारं विश्लेषण) प्रत्येक रन स्वतंत्र धरतो, त्यामुळे तो तुम्हाला फसवेल. एक तर प्रत्येक रनला नवं मिश्रण करा, नाहीतर एका बाटलीतले रन एक गट धरणाऱ्या 'स्प्लिट-प्लॉट' पद्धतीने विश्लेषण करा आणि तसं थीसिसमध्ये लिहा.

६. चिठ्ठ्या टाका

रनचा क्रम यादृच्छिक करा. संगणकाने करा किंवा खरोखर चिठ्ठ्या टाका. वेग १००० चे सगळे रन आधी उरकण्याची इच्छा होईल. तिला बळी पडलात तर माझा मे-जून तुमचाही होईल. केंद्रबिंदूचे तीन रन मात्र मी सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ठेवतो. मधल्या काळात काही सरकत गेलं तर त्या तिघांत दिसतं.

१५ रन एका दिवसात होत नाहीत. दोन-तीन दिवसांत करायचे असतील तर दिवस हा 'ब्लॉक' (वेगळा गट) म्हणून मॉडेलमध्ये घाला. हा शब्द शेतातून आलेला आहे. संख्याशास्त्रज्ञ फिशरने १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतांवर हे तंत्र बसवलं. वावराचा एक कोपरा सुपीक, दुसरा खडकाळ, मग खतांची तुलना न्याय्य कशी व्हायची, हा त्याचा प्रश्न होता. आपल्याकडे खडकाळ कोपरा म्हणजे पावसाळी मंगळवार.

प्रत्येक रनसमोर वेळ, खोलीचं तापमान आणि आर्द्रता लिहा.

७. काच, कोटिंग, हॉट प्लेट

इथे नवीन काही नाही. साबणपाणी, डीआय वॉटर, ॲसिटोन, आयपीए, मग यूव्ही-ओझोन १५ मिनिटं. काचेवर पाण्याचा थेंब पसरला पाहिजे; गोळा होऊन राहिला तर पेडॉट-पीएसएसही तसंच बसेल आणि फिल्मला भोकं पडतील. ओझोननंतर काच तासभर पडून राहू देऊ नका. १५० मायक्रोलिटर टाका, ६० सेकंद फिरवा, १३० अंशांवर १५ मिनिटं. हॉट प्लेटच्या मधोमध आणि कडेला तापमान सारखं नसतं, म्हणून मधल्या जागेवर मार्करने चौकोन काढून तिथेच ठेवा.

जाडी वेगाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात उतरते हा ढोबळ नियम लक्षात ठेवा: वेग चौपट केला तर जाडी निम्मी. प्रोफाइलोमीटरचं रीडिंग याच्याशी अजिबात जुळत नसेल तर आधी स्पिन कोटरचा खरा वेग तपासा.

८. मोजमाप

हॉट प्लेटवरून काढल्यावर फिल्म अर्धा तास डेसिकेटरमध्ये, मग लगेच मोजा, आणि हे सगळ्यांना सारखं. पीएसएस हवेतलं पाणी ओढतो. एक फिल्म दहा मिनिटांनी आणि दुसरी जेवून आल्यावर मोजलीत तर फरक रेसिपीचा राहत नाही.

फोर पॉइंट प्रोबचं सूत्र, ४.५३२ गुणिले व्होल्टेज भागिले करंट, हे अमर्याद मोठ्या पातळ थरासाठी आहे. २० मिमी चौरस काच आणि टोकांमधलं अंतर २ मिमी असेल तर काचेच्या मध्यावर गुणक सुमारे ४.२२ येतो. ७ टक्क्यांचा फरक झाला. इष्टतम रेसिपी यामुळे बदलत नाही, कारण सगळ्यांना तोच गुणक. पण दुसऱ्यांच्या पेपरशी तुलना करताना व्हायवात हे विचारलं जातं. करंट उलटा करून सरासरी घ्या, आणि करंट दुप्पट केल्यावर व्होल्टेज दुप्पट होतं का बघा. एकाच जागी पुन्हा पुन्हा प्रोब टेकवू नका, फिल्म मऊ असते, टोचली जाते.

आता सगळ्यात जास्त दिसणारी चूक. एका फिल्मवर पाच ठिकाणी मोजलं म्हणजे पाच प्रयोग झाले नाहीत. ती एकाच प्रयोगाची पाच रीडिंग. त्यांची सरासरी काढा आणि तक्त्यात एकच आकडा भरा. पंधराचे पंचाहत्तर केलेत तर प्रत्येक गोष्ट 'सिग्निफिकंट' निघेल.

यूव्ही-व्हिजिबलला बेसलाइन त्याच गठ्ठ्यातल्या धुतलेल्या कोऱ्या काचेची घ्या.

वाहकता काढायची तर जाडी लागतेच: १०० ओहम प्रति चौरस आणि १०० नॅनोमीटर जाडी म्हणजे १००० सीमेन्स प्रति सेंटिमीटर. हा हिशेब एकदा हाताने करा. सेंटिमीटर आणि नॅनोमीटरच्या घोळात शंभरपट चुका झालेल्या पाहिल्या आहेत.

९. विश्लेषण

शीट रेझिस्टन्स थेट टाकू नका, त्याचा लॉग घ्या. लहान आकड्यांत चूक लहान आणि मोठ्यांत मोठी असते. रेसिड्यूअलचा (मोजलेला आकडा आणि मॉडेलचा आकडा यांतल्या फरकाचा) ग्राफ नरसाळ्यासारखा फाकला की ओळखा. लॉगमध्ये गुणकाचा अर्थही सोपा होतो: दहाच्या आधाराच्या लॉगमध्ये एखाद्या घटकाचा सरळ गुणक −०.२ आला, तर केंद्रापासून तो घटक एक पायरी वाढवल्यावर, वर्गपद आणि जोडपदं बाजूला ठेवून, रेझिस्टन्स ०.६३ पट होतो.

द्विघाती मॉडेलला १० गुणक लागतात. १५ रनमधून १० गेले, उरले ५. त्यातले ३ 'लॅक ऑफ फिट'साठी (वक्र आकड्यांना किती बसत नाही ते तपासायला) आणि २ केंद्रबिंदूंच्या आपसांतल्या फरकासाठी. एवढ्याशा उरलेल्या पुंजीवर आर-स्क्वेअर (आकड्यांतल्या चढ-उताराचा किती भाग मॉडेलने पकडला ते सांगणारा आकडा) ०.९५ आला म्हणून पेढे वाटू नका. निव्वळ यादृच्छिक आकडे टाकले तरी या मांडणीत आर-स्क्वेअर सरासरीने ०.६४ येतो, कारण ९ भागिले १४. खोटं वाटत असेल तर फोनमधल्या पंधरा नंबरांचे शेवटचे दोन आकडे टाकून बघा, गंमत येते. बघायचा तो 'प्रेडिक्टेड' आर-स्क्वेअर, म्हणजे न पाहिलेल्या रनचं भाकीत किती जमतं ते सांगणारा. तो 'ॲडजस्टेड'पेक्षा ०.२ हून जास्त खाली असेल तर मॉडेल पाठांतर करतंय, शिकत नाही.

लॅक ऑफ फिटचा पी ०.०५ हून मोठा असणं चांगलं, बाकी पदांचा लहान असणं चांगलं. इथे हमखास गोंधळ होतो. पण केंद्रबिंदू वाईट असतील, आपसांत फार फरक असेल, तर लॅक ऑफ फिट आपोआप 'छान' दिसतो, हेही तपासा.

शेवटी रेसिड्यूअल रनच्या क्रमाने मांडा. उतरती-चढती रेघ दिसली तर वहीतल्या आर्द्रतेच्या रकान्याकडे जा.

१०. इष्टतम बिंदू

दोन रिस्पॉन्स (मोजलेले निकाल, म्हणजे रेझिस्टन्स आणि पारगमन) एकत्र तोलायला डेरिंजर आणि सुइच यांची १९८० ची 'डिझायरेबिलिटी' पद्धत बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. प्रत्येक रिस्पॉन्सला ० ते १ मध्ये गुण, मग भौमितिक मध्य. एकाला शून्य मिळालं की एकूणही शून्य. वजनं बदलली की उत्तर बदलतं, म्हणून पायरी २ मध्ये जे लिहिलंत तेच वापरा.

उत्तर घनाच्या कोपऱ्यात आलं, समजा ३ टक्के, ७ टक्के, १००० आरपीएम, तर थांबा. बॉक्स-बेनकेनमध्ये कोपऱ्यावर एकही रन नसतो. तिथलं भाकीत म्हणजे न पाहिलेल्या गावाचं वर्णन. पातळ्या त्या दिशेला सरकवा आणि नवा तक्ता करा. १९५१ साली बॉक्स आणि विल्सन यांनी प्रयोगांवर वक्र बसवून इष्टतम शोधण्याची पद्धत मांडली तीच मुळी अशी टप्प्याटप्प्याने चढण्यासाठी. एका फेरीत शिखर मिळावं अशी अपेक्षाच नव्हती.

११. पडताळणीच्या तीन फिल्म

सुचवलेल्या रेसिपीची तीन नवी मिश्रणं, शक्यतो तीन वेगळ्या दिवशी. निकालांची तुलना 'प्रेडिक्शन इंटरव्हल'शी (एकेक नवी फिल्म ज्यात पडावी त्या पट्ट्याशी) करा, 'कॉन्फिडन्स इंटरव्हल'शी नाही. दुसरा सरासरीसाठी असतो आणि अरुंद असतो, एकेक फिल्म त्याच्या बाहेर पडणं साहजिकच आहे. लॉगमधून परत यायला विसरू नका.

तिन्ही फिल्म एकाच बाजूला चुकल्या तर मॉडेल चुकलं असं लगेच म्हणू नका. आधी पेडॉट-पीएसएसची बाटली तीच आहे का ते बघा. माझी दुसरी फेरी तिथे अडकली होती: पंधरा रन जुन्या बाटलीतून, पडताळणी नवीन बॅचमधून, घन भाग वेगळा. तेव्हापासून काम सुरू करायच्या आधी एकाच बॅचचं साहित्य हिशेबाने बाजूला काढतो. पंधरा रनना ३० मिलि, पडताळणीला ६, चाचण्यांना १२, आणि सांडायला म्हणून आणखी १०.